पुरुषांसाठी गुडघ्यापर्यंतचे उंच टाचेचे बूट: नंबर, पोटरीचं माप आणि सवय

चवड्यावर

जाणकारांची मदत हवी आहे. गुडघ्यापर्यंत येणारे चामड्याचे बूट घ्यायचे आहेत, टाच ८ ते १० सेंमी. बारीक टाच जास्त आवडते, पण ठोकळा टाचेलाही ना नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी दोन तास घालणार आणि त्यातला साधारण अर्धा तास चालणं.

संध्याकाळी घेतलेली मापं: पावलाची लांबी २७.५ सेंमी, चवड्याचा घेर २६, पोटरीचा घेर ४०, अनवाणी उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत ४७. वजन ८२ किलो.

अडचणी चार. पुरुषांच्या नंबरवरून बायकांच्या बुटाचा नंबर कसा काढायचा? चवडा आवळतो म्हणून मोठा नंबर घेतला की टाच सुटते, यावर उपाय काय? पोटरी ४० असताना ४० लिहिलेल्या बुटाचीही चेन वर का जात नाही? आणि या वजनाला बारीक टाच कितपत टिकेल?

"का घालायचे" ही चर्चा कृपया या धाग्यात नको. आवडतात म्हणून.

साचेबंद

सोपं आधी. युरोपियन नंबर पुरुषांना-बायकांना एकच असतो, कारण तो साच्याच्या (म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट शिवतात त्याच्या) लांबीवरून येतो: सेंटीमीटरमधली लांबी गुणिले दीड. २७.५ च्या पावलाला दीड-दोन सेंमी मोकळीक धरली तर साचा २९ ते २९.५, म्हणजे नंबर ४३.५ ते ४४. ब्रिटिश नंबरही बहुतेक कंपन्या दोघांना सारखाच धरतात. अमेरिकन नंबरात मात्र बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा साधारण दीडने जास्त येतो. पुरुषांचा १० तो बायकांचा साडेअकरा. टोकदार बुटात पुढचं रिकामं टोक लांबीत धरू नका, ती नुसती शोभा.

पण नंबर जुळला म्हणजे बूट बसला असं नाही, आणि तुमची दुसरी अडचण तिथूनच सुरू होते. अमेरिकन रुंदीच्या अक्षरांत बायकांचा मध्यम साचा 'बी' असतो आणि पुरुषांचा 'डी'. मधे दोन पायऱ्या, दर पायरीला घेरात पाच-सहा मिलिमीटर. म्हणजे लांबी तीच असूनही बायकांच्या बुटात चवड्याला सेंटीमीटरभर जागा कमी.

आता ती जागा नंबर वाढवून मिळवायला गेलात तर काय होतं ते बघा. युरोपियन एक नंबर वाढला की घेर ५ मिमी वाढतो आणि लांबी ६.७ मिमी. सेंटीमीटरभर घेरासाठी दोन नंबर वर जावं लागतं, लांबी १३ मिमीने वाढते. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर हे पावलाच्या साधारण ७० टक्के, त्यामुळे त्या १३ मधले नऊएक मिलिमीटर नेमके टाच आणि चवडा यांच्या मधे जातात. बूट जिथे वाकायला हवा ती जागा तुमच्या चवड्याच्या नऊ मिमी पुढे गेली. सपाट बुटात हे खपून जातं. उंच टाचेत पाऊल उतारावर असतं, ते ती नऊ मिमी पुढे घसरणारच. बोटं टोकात अडकतात, मागे टाच सुटते, आणि माणूस म्हणतो की बूट एकाच वेळी घट्टही आहे आणि सैलही. तक्रार अगदी खरी असते, फक्त त्यावर आणखी मोठा नंबर हा उपाय नसतो.

म्हणून उंच टाचेचा बूट बघताना बोटांकडे नंतर बघायचं. आधी टाच मागे घट्ट टेकवून उभं राहा आणि अंगठ्याच्या बुडाचं हाड तळाच्या सगळ्यात रुंद जागेवर येतंय का ते बोटाने चाचपा. तिथे जुळलं तर नंबर बरोबर. मग चवड्याला जागा कमी पडत असेल तर त्याच नंबरात रुंद साचा शोधायचा. तुमच्या २६ घेराला बायकांच्या साच्यात 'डी' किंवा 'ई' लागेल. गोल किंवा बदामी टोक घ्या. अरुंद टोकाला तोच नंबर अर्ध्याने लहान वाटतो.

टाचेच्या उंचीबद्दल एक गंमत आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे. सेंटीमीटर तेच असले तरी मोठ्या पावलाला चढ कमी पडतो. ढोबळ हिशेब: टाच ते चवडा हे अंतर ३७ नंबरला १७ सेंमी आणि ४४ ला जवळजवळ २० धरा. १० सेंमी टाचेवर पहिलं पाऊल साधारण ३६ अंशांत उभं राहतं, दुसरं ३० अंशांत. तोच ३६ अंशांचा चढ ४४ नंबरला यायला टाच पावणेबारा सेंमी करावी लागेल. तेव्हा ३७ नंबर घालणारी कुणी "दहा म्हणजे फार उंच" म्हणाली तर तिचं तिच्यापुरतं खरं आहे, तुमच्यासाठी ते साडेआठसारखं.

तळाखाली जाड थर असेल तर तो वजा करा: टाच ११, पुढे २ तर पावलाला चढ ९ चाच. मात्र असा जाड तळ वाकत नाही आणि जमीन पायाला कळत नाही. सुरुवातीला दीड सेंमीपर्यंतच ठीक.

वजनाचं. बुटाच्या कमानीत, टाचेपासून चवड्याच्या जरा अलीकडपर्यंत पोलादी पट्टी असते. सगळा भार ती तोलते. तपासायला बूट टेबलावर ठेवा, एका हाताने टाच धरा आणि दुसऱ्या हाताने कमानीवर जोरात दाबा. वाकायला हवं ते फक्त चवड्यापाशी. कमान दबली किंवा टाच मागे सरकली तर पट्टी पातळ आहे किंवा आखूड. ८२ किलोला तो बूट सोडून द्या. मग टाच पकडून डावी-उजवीकडे हलवा. टाच आतून मधल्या एका स्क्रूने आणि भोवतीच्या चार-पाच खिळ्यांनी जोडलेली असते. नव्या बुटातच कुरकुर किंवा बारीकशी फट दिसली तर ती पुढे वाढतच जाणार.

बारीक टाच म्हणजे आत पोलादी दांडी आणि बाहेर कडक प्लास्टिक. चांगल्या प्रतीची सरळ दाबाने सहसा मोडत नाही, मोडते ती आडव्या जोराने: जाळीत अडकली, पायरीच्या कडेवर पडली, तोल गेला. तरी भाराचा फरक लक्षात घ्या. एका चौरस सेंमीच्या टोकावर सगळं वजन आलं तर दर चौरस सेंमीला ८२ किलो. ४ बाय ४ च्या ठोकळ्यावर तेच पाच किलोच्या आसपास. लाकडी फरशीला खळगे पडतात, मऊ मातीत टाच रुतते. माझं मत विचाराल तर पहिला जोड ठोकळा टाचेचा, ७ ते ८ सेंमीचा घ्या. बारीक टाच दुसऱ्या जोडाला.

शेवटचं, आणि हे फारसं कुणी बघत नाही: टाचेची बैठक. बुटात हात घालून टाच टेकते ती जागा चाचपा. ती जवळजवळ आडवी असेल तर वजन टाचेवर राहतं. सगळी घसरगुंडी असेल तर ते चवड्यावर येतं. उंची सारखी असूनही एक बूट तीन तास चालतो आणि दुसरा वीस मिनिटांत नकोसा होतो त्यामागे बरेचदा हेच असतं.

रिकीब

साचेबंद यांनी पावलाचं सगळं सांगितलं, मी वरच्या नळीबद्दल, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या भागाबद्दल लिहितो. (टाच मुळात पुरुषांचीच, हे जाता जाता. इराणी घोडेस्वारांची टाच रिकिबीत अडकून बसायची, सोळाव्या शतकाच्या शेवटी शाह अब्बासचे वकील युरोपात पोचले आणि तिथल्या सरदारांना तिची चटक लागली. १७०१ च्या प्रसिद्ध चित्रात चौदावा लुई लाल टाचांवर उभा आहे. टोरांटोच्या बाटा पादत्राण संग्रहालयाने २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचांवर आख्खं प्रदर्शन भरवलं होतं. असो.)

४० च्या पोटरीवर ४० चा बूट का चढत नाही? दोन कारणं.

एक, माप चुकीच्या अवस्थेत घेतलेलं असतं. टाच उचलली की पोटरीचा स्नायू आखडून फुगतो. अनवाणी सपाट उभं राहून ४० भरली तर चवड्यावर उभं राहून ४१ किंवा थोडी जास्त भरेल. माप टाचेखाली ८-९ सेंमी उंचीची पुस्तकं ठेवून, बुटात जे मोजे घालणार तेच घालून, संध्याकाळी घ्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. घेर किती हे सगळे विचारतात, तो कुठल्या उंचीवर हे कुणी विचारत नाही. तुमची गुडघ्यामागची वळी ४७ वर आहे, तेव्हा पोटरी सगळ्यात जाड ३३-३४ सेंमीच्या आसपास असणार. बायकांचे तयार बूट साधारण कमी उंचीच्या पायावर बेतलेले असतात, त्यांचा सगळ्यात रुंद भाग टाचेच्या बैठकीपासून २९-३० वर येतो आणि तिथून वर नळी पुन्हा निमुळती होते. म्हणजे बुटाचे ४० सेंमी तुमच्या पोटरीच्या खाली वाया जातात आणि जिथे तुम्हाला ४० हवेत तिथे बूट ३८ वर आलेला असतो. चेन बरोबर तिथेच अडते. खरेदीआधी दोन ठिकाणचे घेर लिहून घ्या: सगळ्यात जाड जागेचा आणि बुटाची वरची कड जिथे येणार तिथला. दोन्हींसोबत त्यांची उंची.

उंचीतही खोच आहे. काही ठिकाणी नळीची उंची कमानीच्या शिवणीपासून मोजतात, काही ठिकाणी आतल्या टाचेच्या बैठकीपासून, काही ठिकाणी थेट जमिनीपासून. शेवटच्या पद्धतीत टाचेची उंचीही त्यात येते. "उंची ४८" वाचून खूश होऊ नका. ९ सेंमी टाच त्यात धरली असेल तर तुमच्या पायावर ३९ च येणार. तुम्हाला बैठकीपासून ४४ च्या आसपास हवी, म्हणजे वळीच्या तीन सेंमी खाली. वळीला भिडणारी कड बसल्यावर मांडीच्या शिरांत रुतते.

उंच पुरुषांसाठी एक पळवाट आहे: जे बूट "गुडघ्यावरचे" म्हणून विकले जातात ते बघा. तुमच्या पायावर त्यांची कड गुडघ्यापाशीच येईल, रुंद भागही वर असतो आणि मागे बहुधा लवचिक कापड असतं.

घट्ट नळी वाढवायची असेल तर खरं चामडं साच्यावर ताणून एक, फार तर दोन सेंमी मिळते, तेही हळूहळू. कृत्रिम चामडं ताणून पुन्हा मूळ मापावर येतं किंवा त्याचा वरचा थर तडकतो. चकचकीत चामड्याचंही तेच, त्याच्या नादी लागू नका. दोन सेंमीपेक्षा जास्त हवं असेल तर चेनच्या मागे आतल्या बाजूने त्रिकोणी इलॅस्टिक बसवून घ्या, वर रुंद आणि घोट्याकडे शून्य. तीन-चार सेंमी आरामात निघतात आणि बाहेरून दिसतही नाही.

चेन ओढायची रीत: बसा, पाय सैल सोडा, एका हाताने नळीच्या दोन्ही कडा वर एकमेकींजवळ धरा आणि दुसऱ्या हाताने चेन तीन टप्प्यांत वर न्या. ताण कडांवर घ्यायचा, चेनच्या सरकत्या कडीवर नाही. कडीचं तोंड एकदा फाकलं की दात मागून उघडत जातात. चेन बहुतेक वेळा मोडते ती घोट्याच्या वळणावर, कारण तिथे ती रोज दुमडते; मेणबत्तीचं मेण महिन्यातून एकदा चोळलं तरी बराच फरक पडतो.

चेन नसलेले ओढायचे बूट घेणार असाल तर टाचेच्या मागच्या टोकापासून पावलाच्या घडीवरून (पाऊल पुढून घोट्याला मिळतं तिथून) फिरवलेला तिरका घेर मोजा. पाय आत जाताना तिथेच अडतो. आणि बूट काढायला खाचेची लाकडी फळी वापरायची सवय असेल तर ती ठोकळा टाचेपुरतीच ठेवा. बारीक टाच तिच्यात अडकवून ओढली की खिळे सैल होतात.

चवड्यावर

फारच उपयोगी. पुस्तकांवर उभं राहून परत मोजलं: पोटरी ४१.२, जाड जागा ३४ वर. म्हणजे रिकीब यांचा अंदाज बरोबर.

आणखी दोन प्रश्न. नव्या उंच बुटांची नळी वापरून खाली बसते असं वाचलं, तर मुद्दाम उंच घ्यावेत का? आणि चवड्याखाली जेलच्या गाद्या घातल्या तर घसरणं थांबेल का?

रिकीब

घोडेस्वारीचे कडक चामड्याचे बूट घोट्याशी चुण्या पडून दीड ते अडीच सेंमी खाली येतात, म्हणून ते मुद्दाम उंच शिवतात आणि तोवर टाचेखाली आत पातळ पाचर ठेवतात. हे ज्ञान उंच टाचेच्या बुटाला जसंच्या तसं लावू नका. मऊ चामड्याचा चेनवाला बूट एखादा सेंमी बसेल इतकंच. आणि उंच टाचेत आणखी पाचर घातली तर टाच मागच्या कडक वाटीतून वर येते, चढ वाढतो, पाऊल आणखी घसरतं.

सुखतळा

जेलच्या गादीबद्दल. चवड्याच्या हाडांच्या थेट खाली ठेवली तर घसरणं थांबत नाही, उलट आधीच अपुऱ्या जागेत तीन मिमी जाडी घुसते आणि बोटं वरून दाबली जातात. उपयोगी पडते ती थेंबाच्या आकाराची लहान उशी, आणि तिची जागा हाडांच्या मागे. सुखतळ्यावर ती नेमकी कुठे चिकटवायची हे असं काढा: अंगठ्यामागच्या आणि करंगळीमागच्या हाडाखाली पायाला थोडी लिपस्टिक लावा, बूट घालून एकदा उभे राहा. उमटलेल्या दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ कल्पा आणि उशीची पुढची कड तिच्या अर्धा सेंमी मागे, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. बरोबर बसली तर पहिल्या मिनिटाला खडा आल्यासारखं वाटतं, दहा मिनिटांत विसरायला होतं. तसं झालं नाही तर पाच मिमी मागे घ्या.

घसरण थांबवायची जागा वेगळीच आहे: बुटाच्या आत वरच्या बाजूला, पावलाच्या घडीखाली. तिथे दोन-तीन मिमी जाडीचा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा) तुकडा चिकटवला की पाऊल मागे टाचेकडे रेटलं जातं. मागे टाचेला चिकटवायच्या पट्ट्या लोक आधी घेतात, त्या नेमकं उलट करतात, पाऊल पुढे ढकलतात. बूट लांबीला खरोखर मोठा असेल तरच त्या वापरा.

मोजे पातळ, नायलॉनमिश्रित आणि बुटाच्या कडेपेक्षा दोन बोटं उंच. सुती मोजा घाम धरतो, त्याच्या सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीवर फोड येतो.

आता पायाबद्दल, कारण सगळा दोष बुटाचा नसतो. बूट घेण्याआधी अनवाणी एका पायाच्या चवड्यावर उभं राहून वीस सेकंद तोल धरता येतो का बघा, भिंतीला फक्त एक बोट लावून. येत नसेल तर आधी महिनाभर टाचा उचलण्याचा व्यायाम: दोन्ही पायांवर १५ चे तीन फेरे, मग एका पायावर १० चे. सोबत रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणं. हा दुसरा व्यायाम लोक हमखास टाळतात, आणि घोटा मुरगळतो तो त्याच स्नायूंच्या दुबळेपणाने. कारण शरीररचनेत आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल खाली झुकलं की खोबणीत अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणून उंच टाचेत पाऊल आतल्या बाजूला चटकन वळतं. उंच बुटाची नळी घोट्याला घट्ट धरत असेल तरच तिचा आधार. पोटरीला घट्ट आणि घोट्याला ढगळ असेल तर तो आधार दिसण्यापुरता.

अंगठा हाताने वर वाकवून बघा. तो वाकतच नसेल किंवा बुडाशी दुखत असेल तर सांधा ताठ आहे आणि ८-१० सेंमी टाच तो रोज दुखावेल. अशांनी कमी टाच किंवा पुढे गोलसर उचललेला जाड तळ बघावा. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे मुंग्या किंवा जळजळ सुरू झाली तर तिथली नस चवड्याच्या हाडांत दाबली जातेय. "सवय होईल" म्हणून सोसू नका, त्याची सवय होत नाही, ते वाढतं. बूट बदला, आणि सपाट बुटातही टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

बूट काढल्यावर पोटरी ताणायची: गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद तीनदा, मग गुडघा वाकवून तितकंच. हा उपचार नुसता सांगायला नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक वर्षं नियमित उंच टाच वापरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या तपासल्या तेव्हा स्नायूचे तंतू आखूड आणि टाचेमागची शीर जाड, ताठ झालेली आढळली. त्यामुळेच काहींना सपाट चपलेत दुखतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तास याने तसं होण्याची भीती कमी, पण मधल्या दिवशी सपाट बूट हवेतच.

एक_पाऊल_पुढे

चालण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पुरुषांची नेहमीची चूक म्हणजे लांब टांग. टाच जोरात मागच्या कडेवर आदळते, चवडा उशिरा टेकतो, मधल्या क्षणी सगळा भार त्या एका टोकावर. पाऊल नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने आखूड करा, टाच आणि चवडा जवळजवळ एकदमच टेकवा, टाच फक्त केसभर आधी. दुसरी चूक गुडघे वाकवून चालणं. पुढे पडण्याच्या भीतीने ते आपोआप होतं, मांड्या भरून येतात आणि चाल बसक्या माणसासारखी दिसते. पाऊल टेकताना गुडघा सरळ हवा. त्यासाठी कंबर किंचित पुढे न्या, पोट आत, नजर दहा पावलांवर. पायाकडे बघितलंत की तोल गेलाच.

जिना चढताना फक्त चवडा पायरीवर, टाच हवेत राहिली तरी चालेल. उतरताना आख्खं पाऊल थोडं तिरकं करून पायरीवर, एक हात कठड्याला. जाळ्या, फरशांच्या फटी, खडी, ओला गुळगुळीत दगड: वजन चवड्यावर ठेवा आणि टाच नुसती टेकवा. गाडी चालवायला दुसरे बूट ठेवा. उंच टाच पायपोसात अडकते आणि ब्रेकवर किती दाब पडतोय ते कळत नाही.

सराव घरात कडक, न घसरणाऱ्या फरशीवर. मऊ गालिच्यावर सोपं जाईल असं वाटतं, पण तिथे बारीक टाच डुगडुगते. पहिला आठवडा रोज वीस मिनिटं, दुसरा चाळीस, मग बाहेर. नवा तळ गुळगुळीत असतो. चवड्याच्या जागी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने आडवा घासा, किंवा दीड मिमीचा रबरी अर्धा तळ लावून घ्या. दुसरं जास्त चांगलं, मूळ तळही टिकतो.

पँट हा वेगळाच विषय. आतून बूट, वरून पँट असं घालणार असाल तर लांबी बूट घालूनच मोजा, आकडा बेरीज करून काढू नका. १० सेंमी टाचेने उंची १० ने वाढत नाही, कारण पाऊल चवड्याभोवती फिरतं आणि घोटा टाचेइतका वर जात नाही. हिशेब केला तर सहा-सात सेंमी निघतात. बुटाच्या आत पँट खोचायची तर घोट्याशी निमुळती, पातळ आणि ताणणारी हवी. जीन्सची जाड शिवण पोटरीच्या घेरात सहज पाऊण सेंमी खाते, आणि तुमच्याकडे तेवढीही शिल्लक नाही.

साचेबंद

+१. फक्त एक असहमती: "जेल अजिबात नको" असा अर्थ कुणी घेऊ नये. साचा रुंदीला थोडा मोठा निघाला तर चवड्याखाली दीड मिमीची पातळ गादी चालते, जागा असते.

ताणण्याबद्दल एक सावधगिरी. रुंदी कमी म्हणून सपाट बुटाचा लाकडी ताणसाचा उंच टाचेच्या बुटात घालू नका. कमानीचा कोन जुळत नाही, तो पट्टीवर जोर देतो. उंच टाचेसाठी वेगळा, मधे वाकलेला मिळतो. चामड्यावर आतून ताणायचा फवारा मारा, साचा घाला, हाताला ताण जाणवेल इतकंच फिरवा, मग दर आठ तासांनी अर्धा फेरा, एकूण दोन दिवस. घाईने फिरवला की चवड्यापाशी चामडं आणि तळ यांचा गोंद सुटतो. पाण्याच्या पिशव्या बुटात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय दिसला तर पुढे चला. बर्फ कुठे किती फुगेल यावर कुणाचा ताबा नसतो, त्यातही टाच आणि कमान यांचा जोड पहिला सुटतो.

चवड्यावर

ठोकळा टाच, ८ सेंमी, रुंद साचा, नळी बैठकीपासून ४३-४४ आणि मागे इलॅस्टिक, इतकं नक्की करतो. तयार मिळाला नाही तर शिवून घेईन. शिवणाऱ्याला कुठली मापं द्यायची? आणि टाचेच्या टोकाची निगा कशी राखायची?

रिकीब

कागदावर दोन्ही पावलांची रेघ, पेन्सिल उभी धरून, पायावर वजन देऊन. मग घेर: चवडा, पावलाची घड, टाच ते घड तिरका, घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागा, पोटरी, गुडघ्याच्या तीन सेंमी खाली. घोट्यापासून वरचा प्रत्येक घेर टाच उचललेल्या अवस्थेत आणि त्यासमोर उंची. उंची टाचेच्या तळव्यापासून मोजलीय की जमिनीपासून हे कागदावर ठळक लिहा, निम्मे घोळ तिथेच होतात. दोन्ही पाय वेगळे मोजा, पोटऱ्यांत अर्ध्या सेंमीचा फरक अगदी सामान्य आहे. आणि टाचेची उंची आधी ठरवा. साचा त्या उंचीसाठीच बनतो, शिवून झाल्यावर "दोन सेंमी वाढवून द्या" होत नाही. बळेच केलं तर बुटाचं नाक वर उचललं जातं.

साचेबंद

टोकाची टोपी मऊसर प्लास्टिकची, बारीक टाचेत पिनेसकट येते. ती झिजून एक मिमी उरली की बदला. टाचेचं प्लास्टिक जमिनीला लागू लागलं तर ते फाकतं आणि नवी टोपी सपाट बसत नाही. जुनी पक्कडीने सरळ खाली ओढायची, पिळायची नाही. पिनेचे व्यास वेगवेगळे असतात, अडीच ते तीन मिमीच्या आसपास. जुनी पिन सोबत नेऊन जुळवा. बारीक पिन ठोकून बसवली तर चार दिवसांत निघते, जाड ठोकली तर टाचेला उभी चीर जाते. ठोकळा टाचेला पिनेऐवजी रबराचा तुकडा खिळे-गोंदाने बसतो, तो कुणीही मोची बसवेल. टोपी नेहमी एका बाजूनेच झिजत असेल तर बुटाला नाही, चालीला बघा: बाहेरची कड झिजली तर घोटा बाहेर कलतोय, मागची झिजली तर टांग अजून लांब पडतेय.

सुखतळा

वापरल्यावर एक पूर्ण दिवस बूट मोकळे ठेवा, चेन उघडी, उन्हात किंवा हीटरपाशी नाही. नळीत वर्तमानपत्राची जाड गुंडाळी उभी करा. ओल शोषते आणि घोट्याशी नळी मोडून पडत नाही. एकदा आडवी पडून चामड्याला तिथे घडी बसली की ती जात नाही, आणि चीर पडायला तिथूनच सुरुवात होते.